चिठ्ठी जाते, उत्तर येत नाही: नाशिकमधल्या मानसोपचार रेफरलचं परीक्षण

हे कुठल्या एका दवाखान्याचं परीक्षण नाही. फॅमिली डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या मधल्या जागेत जे घडतं, त्याचं आहे. फॅमिली डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी, तज्ज्ञांकडून परत येणारं किंवा न येणारं उत्तर, रक्ताच्या तपासण्या कोणी सांगायच्या आणि कोणी बघायच्या, वर्षभराने गोळी कोणी बंद करायची, हे सगळं त्यात आलं. डॉक्टरांच्या लेखी या दोन वेगळ्या सेवा असतील, पण पेशंटच्या लेखी ती एकच आहे, कारण दोघांच्या गोळ्या एकाच पोटात जातात. आमचा कौल: पाचपैकी अडीच तारे. जाण्याच्या वाटेला साडेतीन, परतीच्या वाटेला दीड.

आधी जाण्याची वाट. पेशंट "मला डिप्रेशन आहे" असं म्हणत येत नाही. छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, डोकं जड वाटतं, अन्न जात नाही, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" असं म्हणत येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी बदलत काम करणाऱ्याची झोप गेलेली असते आणि दोष मात्र तिसऱ्या पाळीवर ढकलला जातो. ईसीजी नॉर्मल येतो, "टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं जातं आणि सोबत एक गोळी मिळते. पुष्कळदा ती जोडगोळी असते: डिप्रेशनवरचं एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि झोप आणणारं क्लोनाझेपॅम ०.५ मिलिग्रॅम, एकाच गोळीत.

इथेच पहिली गाठ बसते. क्लोनाझेपॅम पहिल्या रात्रीपासून झोप आणतं. एस्सिटॅलोप्रॅमचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थपणा वाढूही शकतो. पेशंटला वाटतं, गोळी लागू पडली. मग तो मेडिकलमधून तीच स्ट्रिप परत परत आणतो. सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, क्लोनाझेपॅम कमी करा. पण जोडगोळीतून एकच घटक कमी करता येत नाही. गोळी अर्धी केली की डिप्रेशनवरचं औषधही अर्धं होतं. एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, आणि "बघा, आजार परत आला" असा निष्कर्ष निघतो. घटक वेगळे लिहिले असते तर क्लोनाझेपॅम दर दोन आठवड्यांनी १० ते २५ टक्के या हिशेबाने सुखरूप उतरवता आलं असतं. जोडगोळी लिहिण्यात वाचलेला अर्धा मिनिट पुढे तीन महिन्यांना पडतो.

तरीही या वाटेला साडेतीन तारे का? कारण दुसरं दारच नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांच्या बाहेर आढळले होते. जो पेशंट तज्ज्ञापर्यंत पोचतो, त्याला पुष्कळदा गल्लीतल्या डॉक्टरांनीच तिथवर नेलेलं असतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात किंवा सिडकोच्या रो-हाऊसमध्ये आजी, सून आणि नातू या तिघांना ओळखणारा डॉक्टर जे बघतो, ते पहिल्या भेटीच्या वीस मिनिटांत तज्ज्ञाला दिसणं शक्य नाही.

मात्र पाठवायचं कसं, यात बरीच गडबड आहे. बदनामी नको म्हणून "न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवून या" असं मोघम सांगितलं जातं. पेशंट मग खरोखरच मेंदूविकारतज्ज्ञाकडे जातो, एमआरआय होतो, तो नॉर्मल येतो आणि तीन आठवडे निघून जातात. त्यापेक्षा स्पष्ट सांगावं: "झोप, भूक आणि मन यांचा हा आजार आहे. याचे डॉक्टर वेगळे. बीपी-शुगर माझ्याकडेच राहील." शेवटचं वाक्य गाळू नये. "आता हे डॉक्टर मला सोडून देतात की काय" या भीतीने चिठ्ठी खिशातच ठेवणारे पेशंट कमी नाहीत.

पाठवण्याआधी एवढ्या तपासण्या हातात असाव्यात: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडसाठी), व्हिटॅमिन बी-१२, शुगर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पन्नाशीच्या पुढे सोडियमही. थायरॉईड मंद असेल तर माणूस सुस्त, उदास आणि जड होतो. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास असते आणि तिने मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड सगळंच होतं. हे आधी बघितलं नाही तर तज्ज्ञ तेच लिहून देतात आणि पेशंटची एक फेरी, एक फी वाया जाते.

सोबत पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. ती मराठीत आहे, फुकट आहे आणि पाच मिनिटांत भरून होते. एकूण गुण ० ते २७. १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र, २० पासून तीव्र. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. एकूण बेरीज कमी असली तरी त्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल तर तिथे थांबून तोंडी विचारायचं: विचार आहे की बेत आहे, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, सोबत कोण राहतं. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो, हा गैरसमज आहे. विचारल्यावर माणूस बहुधा सुटकेचा श्वास सोडतो.

आता चिठ्ठी. प्रचलित चिठ्ठीत "प्लीज सी अँड डू द नीडफुल" एवढंच असतं, खाली सही. याने काहीच कळत नाही. उपयोगी चिठ्ठी साधारण अशी असते:

"वय ४८, पुरुष, फिरती पाळी. दहा आठवडे झोप तुटक, पहाटे चारला जाग, कामावर चुका. पीएचक्यू-९: १७, नववा प्रश्न ०, तोंडी विचारलं, बेत नाही. दारू आठवड्यातून दोनदा, एक क्वार्टर. पूर्वी उन्माद नाही; चुलत्याला 'वेड' होतं, बहुधा बायपोलर. बीपी: टेल्मिसार्टन ४० + क्लोरथॅलिडोन १२.५. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, मेडिकलमधून स्वतः घेतो. टीएसएच २.८, सोडियम १३६. एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅम एक आठवडा, मग १० मिलिग्रॅम तीन आठवडे, सुधारणा थोडी. प्रश्न: डोस वाढवू की औषध बदलावं? चुलत्याच्या इतिहासामुळे बायपोलर वगळावा. पुढचा फॉलोअप माझ्याकडे चालेल. पेशंटची संमती घेतली आहे."

ही चिठ्ठी दीडशे शब्दांचीसुद्धा नाही, पण तिच्यात तीन गोष्टी आहेत ज्या पेशंट स्वतःहून कधीच सांगत नाही: डायक्लोफिनॅक, चुलता आणि दारूचं खरं माप. चुलत्याचा उल्लेख तर फार मोलाचा. आजार बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद असा, असताना नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर माणूस उन्मादात जाऊ शकतो. आणि "प्रश्न" हा शब्द असलाच पाहिजे. प्रश्न विचारला की उत्तर येण्याची शक्यता वाढते. "नीडफुल" म्हटलं की तज्ज्ञ पेशंट ठेवून घेतात.

परतीची वाट मात्र रडतखडत चालते, आणि दीड तारा तिथे दिलाय. तज्ज्ञांकडून पेशंट बाहेर पडतो तो औषधांची चिठ्ठी घेऊन. त्यावर ब्रँडची नावं, डोस आणि "१ महिन्याने". निदान बहुधा नसतं, किंवा मेडिकलवाल्याला कळू नये म्हणून मुद्दाम गाळलेलं असतं. फॅमिली डॉक्टरांना हे कळतं कधी? पेशंट पुढच्या वेळी सर्दीसाठी येतो तेव्हा, तेही त्याने औषधांची ती प्लास्टिकची पिशवी सोबत आणली असेल तर. दोन दवाखान्यांमधला एकमेव पूल म्हणजे ती पिशवी.

पुलावरून काय काय खाली पडतं, ते पाहा.

वरच्याच उदाहरणातली बीपीची गोळी घ्या. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे सोडियम घालवतं. एस्सिटॅलोप्रॅमसारखी औषधंही सोडियम खाली आणतात. साठीच्या पुढच्या बाईत दोन्ही एकत्र आली की पहिल्या दोन ते चार आठवड्यांत सोडियम घसरतं. बाई सुस्त होते, गोंधळते, बाथरूममध्ये पडते. घरचे म्हणतात, डिप्रेशन वाढलं. तज्ज्ञ डोस वाढवतात, सोडियम आणखी खाली जातं. खरं तर दुसऱ्या आठवड्यात एक साधी सोडियमची तपासणी आणि बीपीची गोळी बदलणं पुरेसं होतं. पण बीपीची गोळी बदलणं तज्ज्ञांच्या अखत्यारीत नाही आणि नवं औषध सुरू झालंय हे फॅमिली डॉक्टरांच्या गावी नाही.

बायपोलरवरच्या लिथियमची कथा याहून धोक्याची, कारण त्याचं उपयोगी प्रमाण आणि विषारी प्रमाण एकमेकांना खेटून आहेत. रक्तात साधारण ०.६ ते १.० राखायचं, दीडच्या पुढे गेलं की हात मोठ्याने थरथरतात, चाल डगमगते, जीभ जड होते. पातळी वाढवणाऱ्या तीन गोष्टी फॅमिली डॉक्टरांच्या रोजच्या हातातल्या: डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, बीपीची टेल्मिसार्टन-एनालाप्रिल जातीची औषधं आणि लघवीच्या गोळ्या. चौथी गोष्ट ऊन. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघालेला, मालेगावात उन्हाळ्यातले रोजे धरणारा किंवा जुलाबाने बेजार झालेला लिथियमचा पेशंट पाणी आणि मीठ गमावतो, आणि तोच डोस त्याला जड जातो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लिथियम तात्पुरतं थांबवून त्याच दिवशी फोन करायचा, ही सूचना लेखी हवी. पायी जाऊ नका किंवा रोजा धरू नका, असा आदेश काढून भागत नाही, लोक जातातच. आधी विचारलं तर डोस आणि तपासणीची तारीख त्याप्रमाणे बसवता येते.

लिथियमच्या तपासणीतही दोन हमखास चुका होतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं; सकाळची गोळी घेऊनच लॅबमध्ये गेलेल्याचा रिपोर्ट फुगलेला येतो. दुसरी चूक लॅबची: हिरव्या झाकणाच्या लिथियम-हेपॅरिन नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं. रिपोर्ट भयंकर आणि पेशंट ठणठणीत असेल तर आधी नळी कोणती होती ते विचारा. क्रिएटिनिन आणि टीएसएच दर सहा महिन्यांनी.

बाकीची औषधं थोडक्यात. ओलान्झापिनवर (भ्रम-भास असणाऱ्या आजारांचं औषध) भूक आणि वजन वाढतं, त्यामुळे सुरुवातीला वजन, कंबर, शुगर, लिपिड, मग तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी; हे काम फॅमिली डॉक्टरांनी करावं, तज्ज्ञांच्या खोलीत वजनकाटा असतोच असं नाही. त्याच जातीच्या क्लोझापिनवर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आणि ताप किंवा घसादुखी आली तर ॲझिथ्रोमायसिन लिहून मोकळं न होता त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या. बद्धकोष्ठताही हलक्यात घ्यायची नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट देताना गर्भातल्या व्यंगांची गोष्ट दोघांपैकी एकाने नक्की सांगायची, आणि कोणी सांगितली ते कागदावर लिहायचं. "ते सांगतील" या भरवशावर ती कोणीच सांगत नाही. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम चालू असताना जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल दिलं तर माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. एस्सिटॅलोप्रॅमवर असलेल्याला कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल नको. आणि एकाच औषधाचे दोन ब्रँड दोन चिठ्ठ्यांवर आले की पेशंट दोन्ही गिळतो, म्हणून औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरांत.

म्हणून तज्ज्ञांच्या उत्तरात सहा ओळी पुरतात: निदान, औषधांची मूळ नावं आणि डोस, किती काळ, कोणती तपासणी कधी आणि कोणी करायची, काय दिसलं तर लगेच परत पाठवायचं, आणि पुढची भेट कुणाकडे. पहिल्यांदाच डिप्रेशन झालेल्याला बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं. ही एक ओळ नसल्यामुळे जेवढी औषधं दुसऱ्या महिन्यात बंद पडतात, तेवढी दुष्परिणामांनीही पडत नसतील.

उत्तर न येण्याचं कारण उर्मटपणा क्वचितच असतं. तज्ज्ञांच्या ओपीडीत लिहायला वेळ नसतो, कंपाउंडरच्या हाती उघडा कागद द्यायचा नसतो आणि या लिखाणाची फी कोणी देत नाही. शिवाय कायद्याची धास्ती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (२९ मे २०१८ पासून लागू) याच्या कलम २३ प्रमाणे पेशंटची माहिती गोपनीय आहे. पण त्याच कलमात इतर उपचार करणाऱ्यांना उपचारांपुरती माहिती देण्याची मुभा आहे, आणि कलम २५ प्रमाणे पेशंट स्वतःच्या नोंदी मागू शकतो. मार्ग सोपा आहे: पेशंटलाच विचारा, काय कळवू? अनेकांना घरातलं भांडण गल्लीत नको असतं, पण औषधांची नावं आणि तपासण्या कळवायला हरकत नसते. सहा ओळींना तेवढंच लागतं. चिठ्ठीचा फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं मात्र कुठल्याच कलमात बसत नाही.

फोनचा पर्याय आश्चर्यकारकरीत्या कमी वापरला जातो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्याची रीतसर तरतूद आहे. समोर पेशंट असलेल्या डॉक्टरकडेच उपचारांची जबाबदारी राहते. सुरगाणा किंवा पेठहून येणाऱ्याचा सगळा दिवस आणि मजुरी जाते. त्याच्यासाठी स्थिर झालेल्या आजाराचे तीन फॉलोअप गावच्या डॉक्टरांकडे आणि चौथा तज्ज्ञांकडे, अशी वाटणी जमते. द्राक्षपट्ट्यात, म्हणजे निफाड-दिंडोरीकडे, तारखा देताना ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चचा खुडा बघूनच द्याव्यात. त्या दिवसांतला फॉलोअप चुकणारच. आधीच्या भेटीत जास्त दिवसांची औषधं आणि मधला एक फोन, एवढी सोय करून ठेवावी.

शहरातले बाकीचे मार्ग. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. देशात तो १९९६ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या प्रयोगाच्या धर्तीवर सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना प्रशिक्षण देणं हे त्याचं मूळ काम, म्हणून तिथे विचारायचा पहिला प्रश्न असा: "पुढच्या गोळ्या आमच्या केंद्रात मिळतील का, आणि नसतील तर बदली काय घ्यायचं?" साठा संपल्यावर एक औषध जाऊन दुसरं आलं, हे फॅमिली डॉक्टरांना कळवायचं काम पेशंटवर पडतं. आडगावच्या आणि इगतपुरी तालुक्यातल्या धामणगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांत गेलात तर दर भेटीला वेगळा शिकाऊ डॉक्टर भेटू शकतो, हे गृहीत धरून केसपेपर नीट जपा.

टेली-मानस, म्हणजे १४४१६, ही १० ऑक्टोबर २०२२ पासूनची मोफत सेवा. चोवीस तास, मराठीत. पहिला फोन करायला, रात्री दोनला कोणाशी तरी बोलायला ती चांगली आहे. मात्र तुमच्या डॉक्टरांना उत्तर लिहिणं तिच्या कामात नाही. फोन ठेवण्याआधी पुढे कुठे जायला सांगितलंय ते लिहून घ्या.

दीर्घ भरतीची वेळ आली तर सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, नाशिकला नाही. पेशंटची समज शाबूत असेल तर तो स्वतःच्या सहीने भरती होतो (मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ८६). नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर कलम ८९ खाली, एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवस. डिस्चार्जनंतरचा आठवडा सगळ्यात नाजूक. सात दिवसांच्या आत फॅमिली डॉक्टरांची भेट ठरलेली हवी.

फवारणीचं औषध प्यालेल्या माणसाच्या बाबतीत ही परतीची वाट सगळ्यात जास्त तुटते. आयसीयूतून माणूस वाचतो आणि मनाच्या डॉक्टरांना न दाखवताच घरी जातो, कारण घरच्यांना पोलिसांची भीती असते. त्याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या साध्या प्रयत्नाला शिक्षेचं कलमच ठेवलेलं नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होते, ती होऊ द्यावी. फॅमिली डॉक्टरांनी डिस्चार्जच्या आधी फोन करून मानसोपचारतज्ज्ञांची भेट वॉर्डातच करून घ्यावी, आणि फवारणीची औषधं कुलपात टाकून किल्ली दुसऱ्याकडे दिली का, ते घरच्यांना नावानिशी विचारावं.

त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण नागबळी विधी करून आलेल्या घरांबद्दल डॉक्टर मंडळी नाकं मुरडतात. नाकं मुरडल्याने माणूस तुटतो, हाती काही लागत नाही. तिथे विचारायचं एवढंच: त्या दिवसांत गोळ्या चालू होत्या का?

राहता राहिलं मेडिकल. अल्प्राझोलम, डायझेपॅम, झोल्पिडेम ही औषधं १ मार्च २०१४ पासून एच-१ यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांत आहेत. दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, औषध, संख्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असतं. जुन्या चिठ्ठीवर "चार गोळ्या द्या हो" म्हटल्यावर ज्या काउंटरवरून त्या निमूट मिळतात, तिथून फॅमिली डॉक्टरांचा आणि तज्ज्ञांचा दोघांचाही हिशेब चुकतो. म्हणून चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या अंकात आणि अक्षरात, खाली "पुन्हा देऊ नये", आणि दोघांपैकी झोपेची गोळी कोण लिहिणार ते पहिल्याच पत्रात ठरलेलं.